झाकलेल्या कातडीवरचा चट्टा

गेल्या वर्षी, गावोगाव हळद शिजवण्याचे कुकर पेटले होते त्या दिवसांत, एक माय-लेक माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगी चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, मंगनी झालेली, निकाहाला महिना उरलेला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आदल्या दिवशी घरात तिला हळद लावायचा कार्यक्रम होता. खालाने हळद लावायला बाही वर सारली आणि दंडाच्या आतल्या बाजूला तिला एक फिकट चट्टा दिसला. खाला त्या वेळी काही बोलली नाही. पण संध्याकाळपर्यंत घरात कुजबुज सुरू झाली होती. एकीने कोड म्हटलं, दुसरीने त्याहून भीतीचं नाव घेतलं.

"डॉक्टरनीबाई, खरं खरं सांगा," अम्मी म्हणाली, "मुलाकडच्यांना कळलं तर काय होईल?"

मी मुलीला पडद्याआड नेलं. चट्टा एकच नव्हता. कमरेखाली, नितंबांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला मिळून अकरा-बारा निघाले. काही रुपयाएवढे, दोन-तीन तळहाताएवढे. रंग फिकट, पण दुधासारखा पांढराफेक नव्हे. वर बारीकसा कोंडा, कातडी किंचित सुरकुतलेली. खाज थोडी.

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"मग दाखवलं का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमच्याकडेच आलो होतो."

मी जुना केसपेपर शोधून काढला. अडीच वर्षांपूर्वी अम्मी एकटीच आत आली होती. 'मुलीच्या कमरेवर शिबं उठलीत' एवढंच तिने सांगितलं. मुलगी बाहेर बाकावर बसून होती, आत यायला लाजत होती. दवाखान्यात गर्दी होती. मी न पाहताच शिब्यांचं मलम लिहून दिलं होतं. केसपेपरवर माझंच अक्षर होतं.

या महिन्याचं सदर त्या चुकीबद्दल आहे, आणि त्या चट्ट्याबद्दलही.

कोड नाही, कुष्ठरोग नाही, शिबंही नाहीत

फिकट चट्टा दिसला की आपल्या भागात मनात तीन नावं येतात, म्हणून आधी तीच पाहू.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा स्पर्श कमी कळतो. कापसाची वात करून मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेका चट्ट्यावर हलकेच टेकवली. प्रत्येक वेळी तिने बरोबर बोट ठेवलं. मज्जातंतूही जाड लागले नाहीत. शंका असेल तर याची सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते आणि गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो, हेही लक्षात ठेवा.

कोडामध्ये कातडीचा रंग पूर्ण जातो. चट्टा खडूसारखा पांढरा होतो, पण कातडी गुळगुळीत राहते, कोंडा धरत नाही. हिच्या चट्ट्यांत थोडा रंग शिल्लक होता आणि कोंडाही होता.

शिबं म्हणजे कातडीवरची एक बुरशी. ती बहुधा छातीवर, पाठीवर, मानेवर, घाम येणाऱ्या जागी उठतात. बुरशी औषधाने मरते, रंग सावकाश परत येतो. अडीच वर्षं मलम लावूनही चट्टे वाढत असतील, तर तिथे बुरशी आहे हा आपला समजच तपासायला हवा.

मी तिला नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी जागा बधिर करून दोन चट्ट्यांतून तांदळाच्या दाण्याएवढे कातडीचे तुकडे काढले आणि तपासणीला दिले. अहवालात नाव आलं, मायकोसिस फंगॉइडिस. हा कातडीतल्या लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

कॅन्सर हा शब्द ऐकून अम्मी मटकन खाली बसली. तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही आधी सांगते. हा रोग कातडीपुरता आणि थोड्याच भागावर असताना सापडला, तर अशा रुग्णांचं आयुष्य इतर माणसांइतकंच असतं, असं अनेक वर्षांच्या पाहणीतून दिसलं आहे. फिकट चट्ट्यांचा प्रकार तर त्यातही सौम्य मानतात. तो सावळ्या कातडीच्या माणसांत आणि तरुण वयात जास्त दिसतो. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत या रोगाचे चट्टे लालसर असतात, कारण ती चित्रं गोऱ्या कातडीची आहेत. आपल्याकडे ते फिकट, कधी काळपट दिसतात, आणि म्हणून ओळखायला उशीर होतो.

दोनशे वर्षांपूर्वीचं फसवं नाव

मायकोसिस म्हणजे बुरशीचा रोग. पण या रोगात बुरशी कुठेच नसते. १८०६ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या अलिबेर या डॉक्टरांनी एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याच्या अंगावर पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांसारख्या गाठी आल्या होत्या. त्यावरून १८३२ मध्ये त्यांनी हे नाव दिलं. पुढे सूक्ष्मदर्शकाने खरं काय ते दाखवलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. १९७५ साली अमेरिकेतल्या एडल्सन आणि लुट्झनर यांनी हा आणि याच्या जवळचे रोग एका छत्राखाली आणले. हे सगळे टी पेशींचे, कातडीत राहणारे लिम्फोमा आहेत, असं त्यांनी म्हटलं.

म्हणजे पॅरिसमध्ये या रोगाच्या नावात बुरशी शिरली आणि आमच्या तालुक्यात त्याच्या औषधात. मी लिहून दिलेलं मलम बुरशीचंच होतं.

पेशीला पत्ता कोण सांगतं?

त्या मुलीने एक प्रश्न विचारला होता, तो मला फार आवडला. "मॅडम, ही पेशी रक्तातली आहे म्हणता. रक्त तर अंगभर फिरतं. मग हिला कातडीच कशी सापडली?"

या प्रश्नामागे शास्त्रज्ञांची साठ वर्षांची मेहनत आहे.

टी पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांचा जन्म हाडांच्या मगजात, शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत. १९५९ साली ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की लिम्फोसाइट पेशी रक्तातून लसिकाग्रंथींत जातात आणि तिथून पुन्हा रक्तात येतात. त्यांचा फेरा सतत चालू असतो. लसिकाग्रंथी म्हणजे काखेत, जांघेत, मानेत ज्यांना आपण 'अवधाण आलं' म्हणताना चाचपतो त्याच गाठी.

आता समजा, बोटाला काटा टोचला. तिथल्या कातडीतल्या खबऱ्या पेशी जंतूचा तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशीला दाखवतात. त्याच वेळी ही खबर कातडीची आहे, हेही तिला कळतं. टी पेशी आपल्या पृष्ठभागावर तसा बिल्ला लावून घेते. आतड्यातून खबर आली, तर बिल्ला वेगळा. २००४ मध्ये असं दिसलं की अ जीवनसत्त्वापासून बनणारा एक पदार्थ आतड्याचा बिल्ला लावतो. २००७ मध्ये दिसलं की ऊन लागून कातडीत तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वापासून कातडीच्या बिल्ल्याचा एक भाग ठरतो. खाल्लेल्या अन्नाची खूण आतड्याकडे नेते आणि अंगावर पडलेल्या उन्हाची कातडीकडे. अल्लाहच्या कारागिरीपुढे माणूस गप्प होतो तो अशा ठिकाणी.

बिल्ला लागला, पण उतरायचं कसं? रक्त वेगाने वाहत असतं. ते पेशीसाठी थांबत नाही. धावत्या एस.टी.तून कुणी एकदम उडी मारत नाही. आधी गाडी हळू व्हावी लागते, मग थांबा ओळखावा लागतो, मग दांडी घट्ट धरून पायरी उतरायची. पेशीचंही तसंच चालतं.

पहिली पायरी, वेग कमी करणं. कातडीतल्या बारीक शिरांच्या आतल्या भिंतीवर ई-सिलेक्टिन नावाचा चिकट रेणू असतो. सूज आली की तो वाढतो. टी पेशीवर त्याला अडकणारी साखरेची झूल असते, तिला सीएलए म्हणतात. शेताच्या धुऱ्यावरून चालताना कुसळं सलवारीला जशी धरतात आणि सुटतात, तशी ही पकड असते. पेशी अडकत, सुटत, भिंतीवरून घरंगळत चालते.

दुसरी पायरी, थांबा ओळखणं. कातडी आपल्या खास रसायनांचा वास सोडते. ते ओळखणारी नाकं टी पेशीवर असतात. त्यांतल्या एका नाकाचं नाव सीसीआर-४, दुसऱ्याचं सीसीआर-१०. सीसीआर-४ हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी, घट्ट पकड. वास लागला की टी पेशीवरचा एलएफए-१ हा रेणू ताठ होतो आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूत हूक काजात बसावा तसा बसतो. आता रक्ताचा झोत पेशीला हलवू शकत नाही. मग ती भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून अंग आक्रसून पलीकडे, कातडीत उतरते.

एकमेकांना धरणाऱ्या या सगळ्या रेणूंना मिळून चिकटरेणू म्हणू या. पेशींचा हा प्रवास उलगडण्यात मोठा वाटा असणाऱ्या टिमोथी स्प्रिंगर आणि यूजीन बुचर या अमेरिकी शास्त्रज्ञांना २००४ साली क्राफूर्ड पारितोषिक मिळालं.

कातडीत असे पहारेकरी किती असतील? २००६ मधल्या एका अभ्यासानुसार मोठ्या माणसाच्या कातडीत सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, रक्तातल्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट. तोपर्यंत पहारेकरी रक्तात राहतात आणि गरजेपुरते कातडीत येतात असा समज होता. खरं तर त्यांचा मोठा जथा कातडीतच घर करून आहे.

मुंबईच्या रक्ताची गोष्ट

सीएलए ही साखरेची झूल आहे असं वर म्हटलं. त्या साखरेचा एक दुवा आपल्या महाराष्ट्रात आहे.

रक्तदान शिबिरात तुम्ही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव ऐकलं असेल. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रक्तगटाचा शोध 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जाहीर केला. ही माणसं तपासणीत ओ गटाची वाटतात, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. कारण तांबड्या पेशींवर फ्यूकोज नावाच्या साखरेचा एक दाणा बसून जी खूण बनते, ती त्यांच्यात नसते. एरवी ही माणसं ठणठणीत असतात. त्यांना रक्त मात्र त्याच गटाचं लागतं.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधले डॉक्टर आमोस एत्झिओनी यांनी दोन अरब मुलांबद्दल लिहिलं. मुलांना सारखा जंतुसंसर्ग व्हायचा. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेत पू धरत नसे. पहारेकरी रस्त्यावर गर्दी करून होते आणि एकही घटनास्थळी उतरत नव्हता. त्या मुलांचा रक्तगट तपासला तर तो निघाला बॉम्बे. त्यांच्या पेशींना फ्यूकोज कुठेच जोडता येत नव्हतं. म्हणून तांबड्या पेशींवरची खूणही नव्हती आणि पांढऱ्या पेशींवरची कुसळांना धरणारी झूलही नव्हती. पेशी घरंगळूच शकत नव्हत्या.

मुंबईतल्या बॉम्बे गटाच्या माणसांना हा त्रास नसतो. त्यांच्यात साखर जोडणारं फक्त तांबड्या पेशींसाठीचं यंत्र बिघडलेलं असतं, पांढऱ्या पेशींचं चालू असतं. त्या दोन मुलांचे आईवडील मात्र जवळच्या नात्यातले होते. नात्यातल्या लग्नात असे दोन्हीकडून येणारे दोष एकत्र होण्याची शक्यता वाढते. हा आपल्या घरांतला महत्त्वाचा विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

इथे एवढंच सांगायचं आहे की साखरेचा एक दाणा नसला तर पहारेकरी कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि आपल्या विषयातला रोग होतो तो बरोबर उलट्या कारणाने. पहारेकरी पोहोचतो, राहतो आणि स्वतःच बिघडतो.

बिघडलेला पहारेकरी

मायकोसिस फंगॉइडिसमध्ये एक टी पेशी बिघडते आणि स्वतःच्या नकला काढत राहते. पण कातडीचा बिल्ला ती विसरत नाही. तिच्या नकलाही सीएलए घालून, सीसीआर-४ लावून फिरतात. म्हणून हा कर्करोग वर्षानुवर्षं कातडीतच राहतो.

सुरुवातीच्या काळात या पेशी कातडीच्या सर्वांत वरच्या थराला चिकटून बसतात. वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या रेणूने धरून असतात. कातडीत कायम वस्तीला असलेल्या टी पेशींकडे त्याच रेणूला धरणारा एक हात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींचे छोटे घोळके वरच्या थरात दिसले की तपासणाऱ्या डॉक्टरांना खूण पटते. त्या मुलीच्या अहवालात तेच लिहिलं होतं. रोग पुढे सरकला की पेशींची ही वरच्या थराची ओढ कमी होत जाते, त्या खोल उतरतात, चट्ट्यांच्या जाड चकत्या होतात आणि काहींमध्ये गाठी येतात.

याच कुळातला दुसरा रोग आहे सेझारी सिंड्रोम. फ्रेंच डॉक्टर सेझारी यांनी तो १९३८ मध्ये सांगितला. त्यात सगळं अंग लाल होतं, असह्य खाज सुटते आणि बिघडलेल्या पेशी रक्तातही सापडतात. हे दोन रोग वेगळे का वागतात, याचं एक चांगलं उत्तर २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दिलं. पहिल्या रोगात बिघडते ती कातडीत ठाण मांडून राहणारी टी पेशी. म्हणून चट्टे ठरावीक जागी राहतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात. दुसऱ्यात बिघडते ती रक्त, लसिकाग्रंथी आणि कातडी अशी फिरती असलेली टी पेशी. तिच्याकडे गाठींत शिरण्याचाही परवाना असतो, म्हणून ती सगळीकडे पोहोचते. पेशीची चालण्याची सवय जशी, तसा रोगाचा नकाशा.

उजेड आणि औषधं

हे चट्टे बहुतेक वेळा कुठे उठतात? कंबर, नितंब, मांड्यांचा वरचा भाग, स्तन, दंडाची आतली बाजू, म्हणजे जिथे ऊन पोहोचत नाही तिथे. उन्हातले अतिनील किरण टी पेशींना मारतात आणि हेच ज्ञान उपचारात वापरतात. सुरुवातीच्या अवस्थेत नॅरोबँड यूव्हीबी नावाच्या दिव्यांच्या कपाटात रुग्णाला ठरावीक सेकंद उभं करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. कोडासाठीही हाच उजेड वापरतात. पण म्हणून गच्चीवर स्वतःच ऊन खात बसू नका. किरण किती आणि किती वेळ, हे डॉक्टरांनी मोजून द्यायचं असतं.

रोग पुढचा असेल तर गोळ्या, इंजेक्शनं, किरणोपचार आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत मोगॅम्युलिझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली. ते सीसीआर-४ लावलेल्या पेशी हुडकतं आणि शरीराच्या इतर पेशींकडून त्यांना मारवतं. ज्या नाकाने पेशी कातडीची वाट काढत होती, त्याच नाकाला हे औषध पकडतं. ३७२ रुग्णांवरच्या चाचणीत जुन्या औषधावर रोग साधारण ३ महिने रोखला गेला, या औषधावर साधारण ७.७ महिने. औषध महाग आहे आणि पुढच्या अवस्थेसाठीच आहे. आमच्या मुलीला त्याची गरज नव्हती.

चिकटरेणूंशी खेळताना जपावं लागतं, हेही सांगायला हवं. सोरायसिससाठी २००३ मध्ये एक औषध आलं होतं, एफालिझुमॅब. ते तिसऱ्या पायरीवरचा एलएफए-१ चा हूकच झाकून टाकायचं. कातडी सुधारायची. पण पहारेकरी मेंदूपर्यंतही नीट पोहोचेनात आणि काही रुग्णांच्या मेंदूत एरवी गप्प असणारा विषाणू उठला. काही जण दगावले. २००९ मध्ये ते औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. रस्ता बंद केला की तो चोर आणि पोलीस दोघांनाही बंद होतो.

मेडिकलवरची ट्यूब

आमच्या भागात खाज सुटली की पहिलं औषध मेडिकलवरून येतं. बुरशी, जंतू आणि खाज, सगळ्यांवर एकच ट्यूब. यांतल्या पुष्कळ मलमांत जहाल स्टिरॉइड असतं. नायट्यावर ते लावलं की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. नायटा हट्टी होण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ती मिळतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कातडीच्या लिम्फोमातही ही ट्यूब फसवते. स्टिरॉइडने या पेशी थोड्या दबतात, चट्टा फिका पडतो, थांबलं की परत येतो. बरं वाटतंय म्हणून वर्षं जातात. शिवाय मलम चालू असताना तुकडा काढला तर तपासणीत खरं चित्र दिसत नाही. त्वचारोगतज्ज्ञ योग्य वाटल्यास हेच स्टिरॉइड मलम या रोगावर देतात, पण निदान झाल्यावर आणि नजरेखाली. युरोप-अमेरिकेतही पहिल्या चट्ट्यापासून निदानापर्यंत साधारण तीन वर्षं जातात. माझ्या रुग्णाची चार गेली. त्यांतली अडीच माझ्या नावावर आहेत.

काय लक्षात ठेवायचं

हा रोग दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींत कातडीच्या टी पेशींचे सगळे लिम्फोमा मिळून दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण सहा रुग्ण सापडतात. त्यामुळे घरात कुणाला चट्टा दिसला म्हणून घाबरू नका. बहुतेक चट्टे नायटा, शिबं, इसब असेच साधे निघतात. पण पुढच्या खुणा असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा:

- उन्हापासून झाकलेल्या जागी सहा महिन्यांहून जास्त टिकलेला चट्टा.
- औषधाने जाणारा आणि थांबलं की त्याच जागी परतणारा चट्टा.
- आकार वेडावाकडा, वर बारीक कोंडा, कातडी विडीच्या कागदासारखी सुरकुतलेली.
- चट्टा जाड होऊ लागणं, गाठ येणं, किंवा अंगभर लाली आणि खाज.

डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. तुकडा काढून तपासायचं म्हणाले तर नाही म्हणू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. पहिल्या तुकड्यात निदान झालं नाही तर काही महिन्यांनी पुन्हा काढावा लागतो. त्यात डॉक्टरांची चूक असतेच असं नाही, या रोगाची चालच सावकाश आहे. कर्करोगाच्या अनेक उपचारांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड दाखवा आणि आपला उपचार त्यात बसतो का ते विचारा.

हा रोग लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर झोपल्याने, नवरा-बायकोच्या संबंधाने तो होत नाही. तो नजर लागून होत नाही, कुणाच्या गुन्ह्याची सजाही नाही.

आणि लाजेबद्दल. हया आपल्याला लहानपणापासून शिकवली जाते आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण हे चट्टे नेमके तिथे उठतात जिथे मुलगी आईलाही दाखवायला संकोचते. उपचाराच्या गरजेपुरतं अंग डॉक्टरांना दाखवायला शरियतची मनाई नाही, हे आपले उलेमाही सांगतात. स्त्री डॉक्टर मागा, आई किंवा बहीण सोबत ठेवा, दार लावून घ्या, पण दाखवा. आयांनो, मुलीच्या वतीने तुम्ही सांगू नका, तिला आत आणा. पुरुषांनाही हेच लागू आहे. जांघेतला चट्टा दहा वर्षं लपवणारे चाचा मी पाहिले आहेत.

त्या मुलीच्या निकाहाची तारीख पुढे गेली. होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतः फोन करून सांगितलं. तो एकदा माझ्याकडे येऊन गेला. दोनच प्रश्न विचारले, लागट आहे का आणि नांदेडला किती फेऱ्या होतील. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं भरपूर. पुढे बऱ्याच फेऱ्यांना तोच सोबत असायचा, तिच्या भावाबरोबर. पावसाळा संपेपर्यंत दंडावरच्या चट्ट्यात रंग भरत आला होता. निकाह झाला. तपासणीला तिला दर काही महिन्यांनी जावं लागतं, पुढेही लागेल, कारण हा रोग दबतो पण परतूही शकतो.

आता माझ्या दवाखान्यात कुणी दुसऱ्यासाठी औषध मागायला आलं की मी आधी उठून बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते पाहते.